दही लागेपर्यंत सिंगापूर

आशियातलं कुठलंही शहर मुंबईपासून किती लांब आहे, हे वाकोल्याचे आमचे मामा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगतात. फक्त वाकोल्याहून मुलुंडला, म्हणजे माझ्या घरी, यायला किती वेळ लागतो ते त्यांना आजवर कळलेलं नाही. किलोमीटर त्यांना मान्यच नाहीत. ‘किलोमीटर रिक्षावाल्याला विचार. आपल्याला वेळ कळला म्हणजे झालं,’ असं म्हणून ते हिशेब मांडतात: मस्कत म्हणजे साबुदाणा भिजेपर्यंत, दुबई म्हणजे वड्यांची डाळ भिजेपर्यंत, टोकियो म्हणजे इडलीचं पीठ फुगेपर्यंत. मुलुंडला पोचेपर्यंत मात्र मटकीला मोड येतात म्हणे. माझ्या घरच्या सत्यनारायणाला ते पंगती उठल्यावर उगवले आणि गार प्रसाद खात सगळ्यांदेखत म्हणाले, ‘तुझ्यापेक्षा मस्कतवाले शेजारी बरे.’ माझी बायको आठवडाभर धुमसत होती.

एवढं करून स्वतः मामा विमानात कधी बसलेले नाहीत. विमानं त्यांच्या छपरावरून दिवसभर जातात. विमान आलं की मामा बोलता बोलता थांबतात आणि ते गेलं की वाक्य तिथूनच पुढे चालू करतात. समोरच्याला वाटतं माणूस विचारात पडला. त्यांची एकुलती एक मुलगी सिंगापूरला नोकरी करते. सिंगापूर म्हणजे बरोब्बर दही लागेपर्यंत. मुलगी निघाली की मामा तिच्या हातावर दही घालतात, वाटीत उरलेल्या दह्याचं कोमट दुधात विरजण लावतात आणि दही लागलं की ‘पोचली’ असं जाहीर करतात. ती ‘बाबा, या ना एकदा’ म्हणून वर्षानुवर्षं मागे लागली आहे. मामांचं उत्तर ठरलेलं: ‘अगं, इतकं जवळ आहे. तिथे राहायला काय यायचं?’

या जानेवारीत ती आली आणि निघताना दही चाटत म्हणाली, ‘या वर्षी तुम्ही आला नाहीत ना, तर मीपण येणार नाही.’ मामा हसले. त्यांनी विरजण लावलं. तिला निरोप द्यायला आलेलो मी दुपारी तिथेच होतो, तेव्हा तिचा फोन आला, पोचल्याचा. मामांनी झाकण उघडलं, तर पातेल्यात निव्वळ दूध.

‘खोटं बोलतेयस तू. अजून समुद्रावरच असशील.’

‘बाबा, तिकडे थंडी आहे. पातेलं तांदळाच्या डब्यात ठेवा.’

‘तिकडे नाही थंडी?’

‘इथे घामाच्या धारा लागल्यात.’

मामांनी फोन माझ्याकडे दिला आणि पातेल्याकडे बघत राहिले. डोक्यावरून एक विमान गेलं. ते गेल्यावरही मामा काही बोलले नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली.

संध्याकाळी दही लागलं. मामांनी ते खाल्लं नाही, फ्रिजमध्ये ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करून ओटा पुसत म्हणाले, ‘पासपोर्टला काय काय लागतं रे?’

मी सांगू लागलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ‘ते होईल रे. पण तुझी मामी गेल्यापासून या घरातून निघताना माझ्या हातावर दही घालायला कोणी नाही. तसं कसं निघायचं?’

‘मी येईन की, मामा.’

मामांनी मला नीट न्याहाळलं.

‘ये,’ ते म्हणाले, ‘पण मुलुंडहून आदल्या दिवशीच निघ.’