चार बोटं फट

मी फौजेत बावीस वर्षं काढली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे, राहायला अजमानला. इथे घर थंड कसं ठेवायचं ते पोरासोरांनाही कळतं, गरम कसं करायचं ते कुणालाच नाही. म्हणून टॉवरमध्ये नोकरी करणाऱ्या नितीन देशपांडेने जानेवारीत मला रास अल खैमाच्या डोंगरात बोलावलं. त्याने दोन दिवसांसाठी दगडी घर भाड्याने घेतलं होतं. त्यात हीटर नव्हता, फक्त धुराडं असलेली लाकडावरची शेगडी होती.

"काका, तुम्ही फौजेत बुखारी म्हणता ना, तीच. अख्खं घर तुम्हीच तापवायचं."

शनिवारी दुपारी एकला पोचलो. नितीन, त्याची बायको मधुरा, नऊ वर्षांची इरा आणि मी. बाहेर नऊ डिग्री, वारा बोचरा. काम माझ्या आवडीचं होतं आणि शिकवायची हौस मला आहेच. लाकूड खडखडीत वाळलेलं हवं, मनगटाएवढंच चिरलेलं. जाळ लहान पण तेज. बुखारी धुमसत ठेवली की लाकूडही जातं आणि ऊबही. आतली दारं सताड उघडी, म्हणजे ऊब माळ्यापर्यंत चढते. आणि बुखारीजवळची खिडकी चार बोटं उघडी. ही आमची फौजेतली स्टँडिंग ऑर्डर, कायमचा हुकूम होती, कारण आगीलाही श्वास लागतो.

"पण गरम हवा जाईल ना बाहेर?" नितीनने विचारलं.

"जाऊ दे. खिडकीला कुणी हात लावायचा नाही."

"येस सर!" इराने सॅल्यूट ठोकला.

तीनपर्यंत घर तापलं. इरा माळ्यावर झोपली. तीन वाजून दहा मिनिटांनी मी आणि नितीन खालच्या दुकानातून लाकडं आणायला निघालो. मधुरा भजी तळत होती, एक्झॉस्ट फॅन चालू होता.

तीन पंचावन्नला परतलो. घर गरम होतं, पण डोकं धरून मधुरा स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती.

"ठणकतंय खूप. तेलाचा वास चढला असेल."

खिडकी बंद होती. कडीसुद्धा लावलेली.

"वारा येत होता. सवयीने लावली."

दुबईत उघडी खिडकी म्हणजे एसी वाया. हात आपोआप कडीकडे जातो, तिला दोष कसा देऊ? घर बंद, फॅन हवा बाहेर फेकतोय, बुखारीत नुसते निखारे. मग हवा आत येणार कुठून? धुराड्यातून, निखाऱ्यांचा विषारी वायू घेऊन. त्या वायूला ना रंग ना वास.

"इरा!" मी ओरडलो. ओ आली नाही.

"नितीन, फॅन बंद. सगळं उघडा. ताई, बाहेर. आत्ता!"

शिडी चढलो. इरा हलवूनही उठेना. अंग ढिलं पडलेलं. तिला खांद्यावर टाकून खाली आणलं आणि बाहेर वाऱ्यात चटईवर निजवलं. श्वास चालू होता, अगदी मंद. नितीनने अँब्युलन्सला फोन केला. मधुरा तिचे तळवे चोळत होती. मी नाव घेऊन हाका मारत राहिलो. मला भीती वाटत होती. गोळीबारात वाटली नव्हती इतकी.

चार वाजून नऊ मिनिटांनी तिला उलटी झाली. डोळे उघडले.

"अंकल, आय'म कोल्ड."

मला रडू आलं.

हॉस्पिटलमध्ये तिला ऑक्सिजन लावला. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. नितीन माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला धरलं आणि पार्किंगमध्ये निघून गेलो. त्याला माहीत नव्हतं की मी हे ओळखलं कसं.

बारा वर्षांपूर्वी काश्मीरमधल्या एका चौकीवर तीन दिवस बर्फाचं वादळ होतं. बुखारीजवळच्या खिडकीच्या फटीतून बर्फ आत येत होता, जवान कुडकुडत होते. ऑर्डर मला तोंडपाठ होती, तरी मीच म्हणालो, "बुजवा ती फट." पोत्याचा बोळा कोंबला. खोली छान तापली. गस्तीवरून आलेले तिघं दुपारी झोपले. दोघं उठले. लान्स नायक सदाशिव उठला नाही.

"एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर हवं. ओव्हर," मी वायरलेसवर म्हणालो.

"हवामान खराब. उड्डाण नाही. ओव्हर."

साहेबांना मी खरं सांगितलं, शिक्षा भोगली. सदाशिवच्या बायकोला, सुनीताताईंना, मात्र सांगितलं, थंडीने गेला. दर दिवाळीला फोन करत राहिलो, पण तेवढं एक सांगायची हिंमत झाली नाही.

त्या पार्किंगमधून मी सुनीताताईंना फोन लावला. सगळं सांगितलं. फट, पोतं, माझा हुकूम.



"त्या दुपारी झोपायच्या आधी चौकीवरच्या सॅटेलाइट फोनवरून त्यांचा फोन आला होता, दादा," त्या म्हणाल्या. "म्हणाले, हवालदारसाहेबांनी आज खोली अशी गरम केलीय, पहिल्यांदाच घरच्यासारखी झोप लागणार."