अनवाणी माप

"उभे राहू नका. बसा."

दुकानात आलेल्या प्रत्येकाला सीटवाले हे वाक्य ऐकवत. नवखा माणूस खूश होई, कारण नारायण पेठेतल्या दुकानात एवढं अगत्य त्याला अपेक्षित नसे. पण ते अगत्य नव्हतं, तपासणी होती. माणूस लाकडी स्टुलावर बसला की ते हातातलं काम थांबवून दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहत आणि मगच विचारत, "हं, काय काम?"

त्यांचा धंदा गाड्यांच्या सीट बनवण्याचा. दुकान दहा बाय बाराचं. त्यात शिलाई मशीन, फोमचे ठोकळे, काथ्याचं पोतं, नवारीची भेंडोळी आणि ते स्वतः. रेक्झिन आणि कातडं ते जमिनीवर पसरून कापत, म्हणून चपला-बूट उंबऱ्याबाहेर काढावे लागत. एक खडा जरी आत आला तरी कातड्यावर ओरखडा उठतो. एकदा शेजारच्या दुकानाची चौकशी करायला आलेल्या पोलिसालाही त्यांनी बूट काढायला लावले. तो कुरकुरत आत आला, स्टुलावर बसला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मोटरसायकलची सीट घेऊन हजर झाला.

मी त्यांच्याकडे गेलो तो वडिलांच्या गाडीपायी. ती एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार आहे, गडद हिरवी, दोनच माणसांची, कापडी टप मागे दुमडता येणारी. वडिलांनी ती तीस वर्षं चालवली. वडील पाच फूट चार इंच. मी आजोळवर गेलो, म्हणून सहा फूट तीन. तुमच्यापैकी कुणी एवढा उंच असेल तर त्याला पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. त्या गाडीत मी बसलो की डोकं टपाला टेके आणि गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना अडकत. ब्रेक दाबायला गेलो की गुडघ्यानं हॉर्न वाजे. वडिलांची नजर अधू झाल्यापासून गाडी विश्रांतवाडीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. दर रविवारी मी दाराबाहेर उभा राहून, हात आत घालून तिचं इंजिन चालू करत असे. सोसायटीतले लोक हे कौतुकानं बघत.

अशात नाशिकच्या एका गृहस्थांनी गाडी विकत मागितली. वडील म्हणाले, "दसऱ्याला तू ती चालवत बाहेर काढलीस तर राहू दे. नाहीतर मी त्यांना हो म्हणून सांगतो. गाडी बघायला ठेवायची नसते."

मला ती गाडी जायला नको होती. वडील कमी बोलणारे. त्यांच्याशी माझं जे काही बोलणं झालं ते लहानपणी त्या गाडीत, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून. घरात आम्ही एकमेकांना वर्तमानपत्र द्यायचो.

स्वारगेटच्या दोन गॅरेजवाल्यांना गाठलं. पहिला म्हणाला, सीट काढून टाका आणि सतरंजीवर बसा. दुसऱ्यानं ह्यांचा पत्ता दिला.

मी स्टुलावर बसलो. दोन मिनिटं झाली. मग मीच म्हणालो, "माझी उंची सहा फूट तीन इंच आहे."

"ती उभ्याची. गाडी बसलेला माणूस चालवतो," ते म्हणाले. "उंच माणसं दोन जातीची. वरून उंच आणि खालून उंच. तुम्ही खालून उंच आहात. वरून आपल्यात चार बोटांचाच फरक."

ते जेमतेम पाच फुटांचे होते. आयुष्यभर रांगेत मागे उभा राहिलेल्या माणसाला असं काही ऐकायची सवय नसते.

पुढच्या आठवड्यात ते बसनं विश्रांतवाडीला आले. रिक्षा पाठवतो म्हटलं तर नको म्हणाले, रिक्षाची सीट त्यांना सोसत नसे. गाडीत बसून अर्धा तास नुसते स्टिअरिंग धरून राहिले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, सायकलपुढे ते कधी गेलेच नाहीत. मग खिशातून सुतळी काढून त्यांनी गाडीच्या आतली मापं घेतली. प्रत्येक मापाला एक गाठ. टेप का नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "टेप वाचायला चष्मा लागतो. गाठ बोटाला कळते." मी नकाशे काढणारा माणूस, मिलिमीटरवर पोट भरणारा. मला हे फारसं रुचलं नाही.

निघताना ते वडिलांना म्हणाले, "गाडीत काही चूक नाही. चूक यांच्यात आहे. पण यांना कापता येत नाही."

वडील हसले. त्यांना हसताना बघून मला बरं वाटलं.

सीट काढून मी त्यांच्याकडे पोचवली. त्यांनी आतल्या स्प्रिंगा आणि फळी काढून टाकली आणि रिकाम्या चौकटीवर बाजेला विणतात तशी नवार विणली. एवढ्यानंच बैठक तीन इंच खाली गेली. डोक्याचा प्रश्न मिटला. राहिले गुडघे. त्यासाठी त्यांनी स्टिअरिंगच्या जागी सायकलची एक रिम सुतळीनं छतापासून टांगली आणि पेडलच्या जागी भिंतीला टेकून विटा लावल्या. दर शनिवारी मी बूट बाहेर काढून त्या सीटवर बसायचो, विटांना तळवे लावायचो आणि हातात रिम धरायचो. पाच मिनिटांत मी म्हणे, "छान झालीय."

"पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या खुर्च्या छान असतात. पंचेचाळीस मिनिटं बसा. बोलू नका."

मग ते दुसऱ्या कामाला लागत आणि मधूनच मान वर न करता विचारत, "कुठं लागतंय?" मांडीखाली लागतंय म्हटलं की मला उठवून तेवढाच फोम खरवडत. पुन्हा पंचेचाळीस मिनिटं पहिल्यापासून.

त्या शनिवारांत मी रिम धरून पुष्कळ पाहिलं. एकदा हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण आला. "काका, ॲक्च्युअली मला प्रॉपर लंबर सपोर्ट हवाय. ड्राइव्ह करताना बॅक खूप पेन करते." ह्यांनी त्याला बसवलं, दोन मिनिटं पाहिलं आणि पॅन्टच्या मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढायला लावलं. "आता बसा. कुठं लागतंय?" कुठंच लागत नव्हतं. "सीट ठीक आहे. खिसा बदला," म्हणून त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दुकानदारानं त्याला दोन उशा विकल्या असत्या.

उभी माणसं त्यांना ओळखू येत नसत. एका लग्नात मी ताट घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो, नमस्कार केला. अनोळखी माणसाला करतात तसा त्यांनी परत नमस्कार केला. थोड्या वेळानं मी खुर्चीवर टेकलो, तेव्हा मागून आवाज आला, "अहो, तुम्ही होय. डाव्या कुल्ल्यावर बसू नका." आसपासच्या चार बायकांनी वळून पाहिलं. सीटवाल्यांना त्याचं काही नव्हतं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. "माझ्याकडून गेलेली सीट परत येत नाही."

नवमीच्या आदल्या दिवशी सीट तयार झाली. मी ती घरी आणून संध्याकाळी बसवली. हातपाय धुऊन खाली आलो होतो, तसाच आत बसलो. डोक्यावर चार बोटं जागा. क्लच, ब्रेक, सगळं मोकळं. वडिलांना मी काही बोललो नाही. दसऱ्यालाच दाखवायचं ठरवलं.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, पूजा झाली. वडील टोपी घालून शेजारच्या सीटवर बसले. मी ठेवणीतले बूट घालून आत शिरलो, क्लच दाबला आणि सोडायला पाय उचलला, तो गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. पुन्हा केलं, पुन्हा अडकला. हॉर्नही वाजला. वडील समोर बघत म्हणाले, "असू दे. प्रयत्न केलास." ते दार उघडू लागले.

मी त्यांना थांबवलं आणि दुकानात फोन लावला. जे झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "येतो."

तासाभरानं ते आले. अंगात नवा सदरा, हात रिकामे. मी त्यांच्या पिशवीची वाट पाहत होतो. "हत्यारं पूजेत आहेत," ते म्हणाले. "आज कात्रीला हात लावता येत नाही. उद्या उत्तरपूजा झाल्यावर." दसरा आज होता. आणि वडील दिलेला शब्द फिरवणारे नव्हते, स्वतःचाही.

"बसा," ते म्हणाले.

मी बसलो. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं. मग गुडघे टेकून खाली वाकले आणि पेडलपाशी माझ्या पायांकडे बघत राहिले. वर पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बूट काढा."

मी बूट काढले. क्लच दाबला, सोडला. गुडघा मोकळा फिरला. बुटाच्या टाचेनं गुडघा इंचभर वर येत होता, आणि तो इंचभरच नडत होता.

"चूक माझी," ते वडिलांना म्हणाले. "चाळीस वर्षं मी अनवाणी माणसंच मोजली. दुकानात कुणाच्या पायात बूट नसतातच ना." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नकाशे काढता ना? तुमच्याही लक्षात आलं नाही?" हे ते म्हणाले ते बरं झालं. तोवर मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मी अनवाणी गाडी बाहेर काढली. आळंदी रस्त्यानं दिघीपर्यंत गेलो आणि परत आलो. वडील जाताना काही बोलले नाहीत. येताना बोलायला लागले ते पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावरही बोलत होते. संध्याकाळी त्यांनी नाशिकला फोन करून नाही म्हणून कळवलं.

सीटवाले मात्र त्या इंचाला विसरले नाहीत. कधीही फोन केला की आधी तेच. "तुमच्या सीटचं राहिलंय. घेऊन या. पाठीची गादी इंचभर पातळ करतो. पाठ मागे गेली की गुडघा खाली येतो." मी म्हणे, "राहू द्या हो, अनवाणी छान चालते." मला खरंच अडचण नव्हती. बूट सीटच्या मागे टाकायचे आणि निघायचं, एवढंच. शिवाय सीट काढली की वडिलांच्या फेरफटक्याचे दोन-तीन रविवार बुडाले असते. सीटवाल्यांना ते पटत नसे. "तुम्हाला चालते. मला चालत नाही." तीन वर्षं आम्ही हे बोलत राहिलो. मला वाटे, मी त्यांना त्रासातून वाचवतोय.

गेल्या मार्गशीर्षात ते गेले. मला उशिरा कळलं. एका दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. "तुम्ही विश्रांतवाडीचे खालून उंच का?" मी हो म्हटलं. ती दुकान आवरत होती.

मी गेलो. उंबऱ्याबाहेर बूट काढले. आत जमीन पहिल्यांदाच मोकळी दिसत होती. मुलगी शाळेत शिकवते, बोलणं वडिलांसारखंच. तिनं जुन्या साडीत गुंडाळलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. "बाबांनी दोन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. तुम्ही आलात की देणार होते. स्वतःहून आणून द्यायची नाही, म्हणायचे. सीट त्यांनी आणायला हवी."

हिरव्या कातड्याची पाठीची गादी होती. इंचभर पातळ. तिला सुतळीचा एक तुकडा बांधलेला, त्यात माझी सगळी मापं गाठींनी. टोकाला एक वेगळी, दुहेरी गाठ आणि तिला लावलेली चिठ्ठी. तिच्यावर एकच शब्द होता. बुटांसह.

मी तिथं त्या स्टुलावर बसलो. दोन मिनिटांहून जास्तच बसलो असेन. माझ्यामुळे त्यांची एक सीट चुकीची राहिली होती, आणि मी तो माझा मोठेपणा समजत होतो.

रविवारी ती गादी बसवली. बूट घालून आत शिरलो. क्लच दाबला, सोडला, दाबला, सोडला. वडील वर झोपले होते, म्हणून गाडी चालू केली नाही. नुसता बसून राहिलो. सोसायटीचा वॉचमन आला. "साहेब, गाडी बंद पडली का?"

"नाही. बसून बघतोय."

तो जरा वेळ थांबून गेला. मी घड्याळात पंचेचाळीस मिनिटं पूर्ण होऊ दिली. कुठंही लागलं नाही. मग दार उघडलं, आणि उतरण्याआधी सवयीनं हात सीटमागे गेला, बूट शोधायला. ते पायातच होते.