इंजिनाचा पहिला मालक

उत्तमराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत सहामाहीचे पेपर तपासत होतो. सकाळी चहा घेऊन ओसरीवर बसले, छातीत कळ आली म्हणाले, आणि केजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी आणि माझी बायको सुनंदा दुपारी त्यांच्या गावी, युसूफ वडगावला पोचलो, तर वेशीपाशीच एका ओळखीच्या गृहस्थांनी मला थांबवलं. "कुठं आदळली म्हणं गाडी?" मी सांगितलं, गाडी कुठंही आदळलेली नाही, ती घरी पत्र्याखाली उभी आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत निदान चौघांनी तरी मला ऐकवलं, की त्या गाडीपायीच हे व्हायचं होतं. खरं तर त्या गाडीनं उत्तमरावांच्या हाती ऐंशीचा आकडाही कधी पाहिला नाही. हे लिहायला बसलो, त्याचं एक कारण ही अफवा आहे.

उत्तमराव माझे साडू. त्यांच्या पत्नी कमलताई म्हणजे सुनंदाची थोरली बहीण. साडवांचं नातं तसं गमतीचंच, सासऱ्याबद्दल मोकळेपणानं कुरकुरायला हक्काचं माणूस मिळतं, एवढाच त्याचा पाया. आमचं मात्र त्यापुढं गेलं. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला मास्तर. घरचा ऊस, सोयाबीन, पाण्याची बरी सोय, गावात शब्दाला मान. कामाला एक जुनी जीप होती आणि तिच्यावर त्यांचा काही आक्षेप नव्हता. पण त्यांच्या मनात एकच इच्छा होती. एखादी खरोखर वेगवान गाडी आपली असावी. नवी परवडायची नाही, म्हणून वापरलेली. आणि वापरलेली घ्यायची तर तिचं लहानपण कसं गेलं, हे कळल्याशिवाय घ्यायची नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. नव्या इंजिनात पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती एकमेकींना नव्या असतात. पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरांत त्या घासून एकमेकींशी जमवून घेतात. तेवढ्या दिवसांत कुणी गाडी बेफाम पिटाळली, तर जे बिघडतं ते पुढं कितीही सर्व्हिसिंग करा, दुरुस्त होत नाही. आणि आपल्याकडं नव्या गाडीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नारळ फुटतो, हार पडतो, चार मित्र आत कोंबले जातात आणि वेशीपासून देवळापर्यंत इंजिन किंचाळवत मिरवणूक निघते. ज्या दिवशी जपायचं, नेमकं त्याच दिवशी सगळ्यांत जास्त छळायचं. "पाचवीला पुजायच्या आदीच लेकराला कुस्तीला उतरिवतेत," असं ते म्हणायचे.

म्हणून ते गाडीची चौकशी स्थळाच्या चौकशीसारखी करायचे. मी सुट्टीत त्यांच्याबरोबर पुष्कळ हिंडलो. पुण्यातली एक भेट लक्षात आहे. गाडी चांदीच्या रंगाची, आरशासारखी घासलेली. मालक तरुण, वागायला गोड, आम्हाला चहा-बिस्किटं दिली. गाडी फक्त रविवारी काढतो, असं त्यानं दोनदा सांगितलं. उत्तमरावांनी बोनेट उघडलंच नाही. कपबशी हातात धरून त्यांनी विचारलं, "नवी आणली त्या दिवशी कुठं कुठं गेलता?" पोराचा चेहरा फुलला. शोरूममधून थेट द्रुतगती मार्गावर नेली, मित्र होते, कुठपर्यंत पळते ते बघितलं, काय मजा आली म्हणून सांगू... उत्तमरावांनी चहा संपवला, छान झाला होता म्हणून सांगितलं आणि हात जोडून उठले. जिन्यात मला म्हणाले, "खरं बोललं बघा लेकरू. पण गाडी गेली."

बरं, जपून वापरलेली तरी पसंत पडावी! लातूरला एका निवृत्त साहेबांची गाडी होती. त्यांनी ती पहिल्यापासून चाळिसाच्या वर नेली नव्हती, तेही एकाच संथ चालीनं. मला वाटलं, जमलं आता. तर ही लाडावलेली निघाली. फार जपलेल्या इंजिनातही रिंगा नीट बसत नाहीत, मग ते तेल पितं, असं त्यांचं मत. कधी जोर, कधी ढील, चाल बदलती हवी. कमलताई म्हणायच्या, "ह्यांला गाडी नगंच हाय. नकार द्यायाची हौस हाय नुसती." मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मग यंदाच्या पावसाळ्यात त्यांना एक गाडी सापडली. बुटकी, गडद निळी, परदेशी बनावटीची, इंजिनात दाबानं हवा भरून जोर वाढवणाऱ्या टर्बोची. तिचे आधीचे मालक किती आणि कसे होते ते धड कळत नव्हतं. तरी उत्तमरावांनी ती घेतली. कारण तिचं इंजिन पूर्ण खोलून, आतलं सगळं घासायचं सामान बदलून, नव्यानं बांधलेलं होतं. ज्यानं बांधलं त्यानं बजावलं होतं, की दीड हजार किलोमीटर हिला नवी समजा. उत्तमरावांना तेच हवं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खरेखोटेपणावर डोकं शिणवलं, आता प्रश्नच मिटला होता. अंगणात गाडीवर हात ठेवून ते मला म्हणाले, "आता हिचा पयला मालक मीच की, मास्तर!" इतका खूश झालेला तो माणूस मी आधी पाहिला नव्हता.

त्यानंतर तालुक्यातली सगळ्यांत वेगवान गाडी तालुक्यातल्या सगळ्यांत धीम्या चालीनं हिंडू लागली. केज, अंबाजोगाई, आमचं नांदूरघाट, एकदा तर आष्टीपर्यंत. काळी-पिवळी जीप शिट्टी मारून पुढं जायची. मोटारसायकलवरची पोरं शेजारी येऊन "बप्पा, धक्का देऊ का?" म्हणून विचारायची. उत्तमराव हसून हात करायचे. त्यांच्या छातीत आधी एकदा जाळी बसवलेली होती, डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर तयार असायचं, "सध्या आमी दोघंबी दमानंच हाव." एका मोकळ्या सरळ रस्त्यावर मी न राहवून म्हणालो, एकदा दाबा की भाऊ, बघू तरी. त्यांनी मान हलवली. "आज न्हाई. कावून घाई करता? कुठं पळून चाललीय का ती?"

दीड हजार पुरे व्हायच्या आत ते गेले.

तेराव्यानंतर गाडी विकायचं ठरलं. ताईंना चालवता येत नाही, मुलगी पुण्यात नोकरीला, आणि तिला गाडीत रस नाही. पहिलं गिऱ्हाईक आष्टीकडनं आलं, एका पुढाऱ्याचा मुलगा. त्यानं किती पळते ते विचारलं, किंमत विचारली. आधी कोण होतं, कशी चालवली, यातलं एक अक्षर विचारलं नाही. मग किल्ली फिरवली आणि थंड इंजिन उभ्या जागी रेस करू लागला. सोबतचा मित्र मोबाइलवर त्याचं चित्रण करत होता. ओसरीवरून ताई उठल्या. उत्तमराव गेल्यापासून त्या अंगणात उतरल्या नव्हत्या. गाडीपाशी येऊन त्यांनी हात पुढं केला. "बंद कर ते. किल्ली दे हिकडं." पोरगा ओशाळला, किल्ली दिली आणि निघून गेला. ताई माझ्याकडं वळल्या. "मास्तर, ह्यांचं किती राह्यलंय अजून?" मी किलोमीटरचा आकडा पाहून सांगितलं, दीड हजारातलं निम्म्याला थोडं कमी. "मग ते पुरं करू. तवर कुणाला द्यायाची न्हाई."

लोकांनी नाकं मुरडली. नवरा जाऊन महिना नाही झाला आणि ही बाई मोटारीतून हिंडते, हे माझ्या कानावरही आलं. त्यांच्या कानावर तर आलंच असणार. तरी दर रविवारी ताई पुढं बसायच्या, सुनंदा मागं, आणि आम्ही कुठं ना कुठं निघायचो. एवढ्यात उसाचा हंगाम सुरू झाला होता. निदान भरल्या उसाच्या ट्रॅक्टरांना तरी आम्ही मागं टाकायचो. ताई वेगाच्या काट्याकडं बघत असायच्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "एकाच चालीनं चालवायलाव तुमी. ह्ये कमी-जास्त करायचे." मी कमी-जास्त करू लागलो. मला त्या रविवारांची ओढ लागली होती. शोक करण्याचा इतका चांगला मार्ग मला माहीत नव्हता.

गेल्या रविवारी ते अंतर पुरं झालं. आदल्या दिवशी तेल बदलून घेतलं होतं. सकाळी मोठ्या चौपदरी रस्त्याला लागलो, समोर कुणी नव्हतं. मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी पदर घट्ट खोचला आणि म्हणाल्या, "हं." मी पाय दाबला. गाडीनं मला सीटच्या पाठीशी असं दाबलं, की मागून सुनंदा ओरडली. इंजिनाचा सूर चढत गेला, कुठं खरखर नाही, थरथर नाही, झाडं मागं पडत गेली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःख झालं, आणि त्याहून जास्त मला उत्तमरावांचा राग आला. आयुष्यभर वाट पाहून या माणसानं हे एकदाही घेतलं नाही. "बास," ताई म्हणाल्या. मी पाय उचलला. गाडी पुन्हा नेहमीच्या चालीवर आली तेव्हा म्हणाल्या, "लई चांगली पळती. ह्यांनी नीट लावली तिला." मग खिडकीबाहेर बघत, "आता कुणालाबी द्या, मास्तर. बिघडायची न्हाई."

घरी आलो, पत्र्याखाली गाडी लावली. मी किल्लीला हात घातला, तर ताईंनी मनगट धरलं. पळून आल्यावर टर्बो गार होईस्तोवर इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवायचं असतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. उत्तमराव मात्र हळू चालवूनसुद्धा, गरज नसतानाही, रोज तसे बसून राहायचे, ते ताईंनी सांगितलं. "मी आतून हाका मारायची, चहा गार व्हायलाय म्हणून. ह्ये म्हणायचे, आलो... जरा सवय लागू दे." सुनंदा उतरून घरात गेली. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडं बघत बसलो. इंजिन अगदी हलकं, एका लयीत चाललं होतं. मिनिट झालं, दोन झाली. ताईंनी हात काढला नाही, आणि मीही किल्ली फिरवली नाही.