कोरा हात

कवठे येमाईची सुलक्षणा नट-नट्यांच्या अंगावर सुई न लावता गोंदण उमटवते. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, खास कागदावर उलटी छापायची, ओल्या स्पंजनं कातडीवर दाबायची आणि चकाकी घालवायला वरून पावडर फिरवायची. मालिकांतल्या गुंडांच्या मानेवरचे विंचू तिचेच. शूटिंग संपलं की ते तेलाच्या बोळ्यानं पुसायचे आणि गुंड सभ्य होऊन घरी जायचे.

यंदा एक मालिका गावाजवळच्याच मळ्यात आली. गोंदलेल्या म्हाताऱ्या हव्या होत्या. सुलक्षणानं सासूलाच नेलं. झुंबरबाईंच्या हातावर खरं गोंदण होतं: तुळस, आणि खाली नवऱ्याचं नाव, बन्सी. लग्न ठरलं तेव्हा येमाईच्या जत्रेत चौघींनी धरून गोंदवलेलं.

दिग्दर्शकानं कॅमेऱ्यातून पाहिलं. "हे खोटं वाटतंय. हिरवट, पसरलेलं. झाका आणि तुमचं लावा."

"सर, हे खरं आहे."

"असेल. पण दिसत नाही ना तसं."

सुलक्षणानं सासूच्या हातावर टॅटू झाकायचा पक्का रंग चढवला. झुंबरबाई हात उलटसुलट करून बघत राहिल्या.

"काय झालं, आत्या?"

"काय न्हाई. लहानपणानंतर हा हात आजच बघितला. लगीच चिकटवू नगं."

सुलक्षणा थांबली. तेवढ्यात आभाळ आलं, उजेड गेला आणि म्हाताऱ्यांचा सीनच रद्द झाला.

घरी बन्सीआबा ओट्यावर होते. जन्मभर त्यांनी त्या नावाकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. गेलेलं मात्र लगेच दिसलं.

"माझं नाव कुठं गेलं?"

"झाकलं त्यांनी. खोटं वाटत हुतं म्हणं."

आबा अर्धीच भाकरी खाऊन उठले. सकाळी सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा त्यो कागद हाय ना? तेवढं नाव लावून टाक."

झुंबरबाई एक हात कोरडा ठेवून भांडी घासत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्यान्ला इच्चार, माझं नाव हाय का त्यांच्या हातावर?"

सुलक्षणानं त्याच दुपारी 'झुंबर' छापलं. बरीच कुरकुर करून आबांनी मनगट पुढं केलं, आणि भर उन्हात पूर्ण बाहीचा सदरा घालून पारावर गेले.

दोघांचेही रंग आंघोळीगणिक उतरत गेले. आठवडाभरात आबांचा हात कोरा झाला आणि झुंबरबाईंच्या हातावर हिरवा बन्सी पुन्हा वर आला.