खोबऱ्याचं रोप हलवलं तेव्हा

माझ्या हाताला गुण आहे, असं मी अजूनही छातीठोकपणे सांगते. लोक हसतात. हसू देत. चिंचवडला आमच्या दारात आंबा उभा आहे, शंका असेल त्यानं येऊन बघावा.

त्याचा जन्म मात्र पिंपरीच्या आमच्या रानातला, विहिरीच्या पाटाकडेचा. स्वराज्य येऊन फार वर्षं झाली नव्हती. कारखान्यांसाठी जमिनी जाऊ लागल्या, त्यात आमचंही रान गेलं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कागदावर अंगठा दिला. पण त्यांचा जीव अडकला होता एका रोपात. त्यांच्या वडिलांनी लावलेला खोबऱ्या आंबा, ओल्या खोबऱ्यासारख्या गोड गराचा, आदल्या साली वळवाच्या वादळात मुळासकट आडवा झाला होता. त्याच्या कोयीचं हे एकच रोप, माझ्या खांद्याला लागणारं. ते गेलं की खोबऱ्याचा वंश संपला.

कारखान्याचं कुंपण पडायच्या आत रोप चिंचवडच्या नव्या घराकडं न्यायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कधी न्यायचं, यावर जुंपली. मामंजी म्हणाले, "आखितीला हलवू. आखितीला लावल्यालं मरत न्हाई." आमच्याकडं अक्षय तृतीयेला आळी करून बी टोचायची रीत आहे, तेव्हा त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. पण बी वेगळं आणि वाढतं झाड वेगळं. वैशाखाच्या उन्हात पानं पाणी मागणार, ते तुटलेली मुळं आणणार कुठून? माझं माहेर महाळुंग्याचं. आईनं लिंबं, पेरू हलवलेले बघतच मी वाढले होते. मी सरळ म्हणाले, "मामंजी, आखितीला बी लावत्यात, झाड उपटत न्हाईत."

आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पेटती चूल लाथाडली. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचे ते दिवस नव्हते. मामंजी एवढंच बोलले, "आनि पावसापातुर कुंपान कोन थांबवनार? तू?"

"व्हय, मी."

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाच्या मुकादमाकडं गेले. तो मराठवाड्यातला, स्वतः कुणब्याचा पोरगा. म्हणाला, "बाई, सगळं रान दिलंत, अन् आता रोपासाठी आलात व्हय?" मी म्हणाले, "रान मागितलं, ते दिलं. रोप कुणी मागितलं न्हाई." मग त्यानं पाटाकडचे खांब शेवटाला ठेवले, आषाढापर्यंत.

आखिती मी वाया जाऊ दिली नाही. त्या दिवशी मालकांकडून रोपाच्या एका अंगाला अर्धगोल चर खणून घेतला, त्या बाजूची मुळं धारदार कोयत्यानं तोडली, चरात शेणखताची माती भरली आणि रोज पाणी घातलं. आतल्या आत बारीक मुळं फुटावीत म्हणून. दुसरं अंग ज्येष्ठात तोडलं. नव्या घरी खड्डा खणून उन्हात तापत ठेवला, तिथं मामंजींनी नारळ फोडला. मुहूर्त त्यांचा, काम माझं.

आषाढात आभाळ भरून आलेल्या एका दिवशी, उन्हं कलल्यावर, रोप काढलं. उगवतीकडच्या बाजूला मी कुंकवाचं बोट लावलं, म्हणजे नव्या जागीही तीच बाजू उगवतीला येईल. निम्मी पानं खुडली. मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधला. उचलायचं ते गड्ड्याखाली हात घालून, खोडाला धरून नाही. गाडी मी हळू हाकायला लावली, तर मालक म्हणाले, "वरात हाय का ही?" मी म्हणाले, "तसंच समजा."

पहिल्या जागी जेवढं मातीत होतं तेवढंच खोल लावलं, पायानं माती दाबली, पाणी दिलं, कडब्याचा आडोसा केला. आणि आठवड्यात उरलेली सगळी पानं गळाली. "सुनंनं खोबऱ्या घालवला," गावात बोभाटा झाला. मामंजी जेवेनात. मी नखानं साल खरवडली आणि त्यांना हाताला धरून दाखवली. आत हिरवं होतं. श्रावण सरता सरता तांबूस पालवी आली, आणि मी ती मुद्दाम बोलणाऱ्यांना बोलावून दाखवली. का नाही दाखवायची?

काही वर्षांनी पहिली फळं धरली. मामंजींनी आंबा हातानं मऊ करून तोंडाला लावला, मीही लावला. गोड, पण शेवटाला आंबट चटका. खोबऱ्याचा तो गर नव्हताच. वंश राखला म्हणून मिरवत होते, आणि हा निघाला भलताच.

मामंजींनी कोय चाटूनपुसून बाजूला ठेवली. "कोयीचा आंबा, बापावर जाईलच असं न्हाई," ते म्हणाले. "ह्यो तुज्यावर गेलाय. जिभंला आंबट, पन मरत न्हाई." आणि त्यांनी दुसरा आंबा घेतला.

त्यानंतर ते होते तोवर, दारात येईल त्याला झाड दाखवून सांगायचे, "खोबऱ्या माज्या बापाचा व्हता. ह्यो माज्या सुनंचा."