फोटोतली चौथी

शहापूरच्या बाजारपेठेत पिठाच्या गिरणीवर भगीरथचा फोटो स्टुडिओ होता. साल शहाण्णव. लग्नं, बारशी, शाळेच्या फॉर्मचे फोटो, यांवर संसार बरा चालला होता. पण या गृहस्थाला एक नाद जडला होता. एकाच फिल्मवर दोनदा फोटो घ्यायचा. भिंगाच्या अर्ध्या भागावर काळा कागद लावून डावी बाजू टिपायची, मग कॅमेऱ्याच्या तळाचं बटण दाबून खटका ओढायचा, म्हणजे रोल जागचा हलत नाही. कागद फिरवून उजवी बाजू टिपली की एकच माणूस दोन्हीकडे.

सांगायला सोपं. पहिल्या खेपेस कागद सरकला. कल्याणहून रोल धुऊन आला, तर त्याच्या बायकोच्या, लहानीच्या, डोक्यातून तुळस उगवलेली.

"बरं झालं," लहानी म्हणाली. "आता न्हाताना तुळशीलाही पाणी मिळेल."

असे पाच रोल वाया गेले. सहाव्यात मात्र एक लहानी देवापुढे हात जोडून बसलेली आणि दुसरी बाजूला ताम्हन घेऊन उभी, अशी देखणी जोडी आली. तरी भगीरथाची खात्री नव्हती. अजून दोनात एक बिघडायचा.

मार्गशीर्षात डोळखांबकडच्या एका पाड्यावरून बाईजा आली, नवरा कमळू आणि एकुलती एक चंदा यांना घेऊन. चंदाचं आठ दिवसांनी लग्न, सासर लांब सिन्नरला. घरात तिघांचा मिळून एकही फोटो नव्हता. भगीरथने चंदाला मध्ये बसवलं, कॅमेऱ्यात डोळा घातला, तशी बाईजा उठून उभी राहिली.

"तिघांचा नाय काढायचा, भाऊ. माझ्या भावानं काढला व्हता, बायको-पोरासंगती. वरीस नाय भरला, भाऊ गेला."

"मंग मी उठतो," कमळू म्हणाला. "तुमी मायलेकी बसा."

"तुमीच नाय तर फोटू कशाला? नुसता भिंतीला लावायला?" बाईजा म्हणाली.

भगीरथने लहानीला चौथी म्हणून बसायला सांगितलं. बाईजाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ताई, राग नको धरू. पन तू आमची कोन?"

हे सगळं खोटं असतं, असं म्हणणं सोपं होतं. पण जिचा भाऊ गेला तिला ते सांगायला भगीरथाची जीभ रेटेना. तो आत गेला आणि दोन लहानींचा फोटो घेऊन आला.

"मावशी, चौथीही चंदाच बसली तर?"

बाईजाने फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लहानीकडे वळली. "ही बहीण का गो तुझी?"

"मीच ती."

"म्हंजे देवाला फसवायचा?"

"त्याच्यापासून काय लपलंय, मावशी?" भगीरथ म्हणाला. "त्यानंच तर एकीच्या दोन होऊ दिल्या."

आणि खरं तेही सांगून टाकलं: फोटो बिघडू शकतो, आणि धुऊन येईतो चंदा सासरी गेलेली असेल.

"भात पेरताना तरी कोन लिहून देतो?" कमळू म्हणाला.

जमिनीवर मधोमध खडूची रेघ ओढली. हात रेघेपलीकडे न्यायचा नाही. आधी डावीकडे बाईजा आणि चंदा. मग चंदा रेघ ओलांडून उजवीकडे बापाजवळ. कमळूने श्वास असा रोखून धरला की लहानीला हसू आवरेना. भगीरथने तीनदा घेतला.

पहिल्यात दोन चंदांचे खांदे एकमेकांत मिसळले. दुसऱ्यात मधोमध काळा पट्टा. तिसरा उतरला.

लग्न उरकल्यावर दोघं फोटो न्यायला आले. बाईजाने बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा उलटीकडून मोजलं.

"माझ्याकडची हसतेय," कमळू म्हणाला.

"माझ्याकडची शानी दिसते," बाईजा म्हणाली आणि फोटो पदरात गुंडाळला.

वर्षभराने ती बाजाराला आली, तेव्हा मुद्दाम जिना चढून वर आली.

"भाऊ, किन्हवलीकडचा पाहुना आल्ता. फोटू बघून धाकटीला मागनी घालत व्हता. मुलगा कंपनीत हाय म्हनं."

भगीरथ हसत सुटला. "मग काय सांगितलंत?"

"सांगितला, ती नाय द्यायची."