जीभ न घासता या

दुबईत प्रत्येक दुखण्याला एक कारण आधीच तयार असतं. केस गळतात? इथलं पाणीच तसं, समुद्राचं गोडं केलेलं. थंडी वाजते? एसी. वजन वाढलं? चालणं होतं कुठे, दारातून गाडीत आणि गाडीतून दारात. सकाळी उठवत नाही? ट्रॅफिक. मला हे सगळंच होत होतं आणि सगळ्याची कारणंही मला पाठ होती. नळाला फिल्टर बसवला, करामाच्या भारतीय बाजारातून माक्याचं तेल आणलं, भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर चढवला. इथे सगळ्यांचंच असं चाललेलं असतं, त्यामुळे तक्रार करावी असं वाटलंही नाही.

मी इथल्या एका भारतीय शाळेत चौथीला गणित शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील एसटीच्या डेपोत गाड्या धुवायचे. मी बी.एड. झाले तेव्हा त्यांनी डेपोत सगळ्यांना पेढे वाटले आणि जे रजेवर होते त्यांच्या घरी नेऊन दिले. आमच्या तालुक्याच्या शाळेतले गुरुजी पाढे असे घोटून घ्यायचे, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावेत. आणि एके दिवशी फळ्यासमोर हातात मार्कर धरून मी उभी राहिले, तर सात आठे किती ते मला आठवेना.

"फिफ्टी सिक्स, मिस!" अख्खा वर्ग ओरडला. मिसने मुद्दाम विचारलं असंच मुलांना वाटलं. पण मला माहीत होतं, आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. मुलांची नावं निसटत होती, शनिवार-रविवार झोपून काढला तरी सोमवारी अंग उचलत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मी राजीनामा देते. माझ्याच्याने नाही होत आता."

"दे की. मी आहे ना," ते म्हणाले.

प्रेमानेच म्हणाले. पण इतक्या चटकन म्हणाले, की मला वाटलं, यांनाही दिसतंय, हिच्यात आता काही राहिलं नाही. टर्म संपली की राजीनामा द्यायचा असं ठरलं. वडिलांना काय सांगायचं ते मात्र ठरेना.

आम्ही इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक चिनी बाई राहतात. जवळच्या घाऊक बाजारात त्यांचं दिव्यांचं दुकान आहे. दुकानदारीमुळे हिंदी फर्डं, फक्त व्याकरण नाही. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी माझ्या स्वेटरकडे बघितलं.

"तुम बीमार?"

"नहीं नहीं. एसी."

"लिफ्ट का एसी तो खराब है," त्या म्हणाल्या. "तीन दिन से मैं कंप्लेंट करता."

मी स्वेटर काढून बघितला आणि लगेच पुन्हा चढवला. शनिवारी त्या मला त्यांच्या चिनी औषधं देणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. छोटंसं क्लिनिक होतं, भिंतीवर सरकारी परवाना लावलेला, सुंठ आणि ओल्या लाकडासारखा वास. डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. इतकी वर्षं इथे काढल्यामुळे त्याही तसंच हिंदी बोलत.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे स्वच्छ होऊन जायचं, हे आमच्याकडे लहानपणापासूनचं. न्हाऊन, धुतलेले कपडे घालून, उगाच कुणी नावं ठेवायला नकोत. मी तर निघण्याआधी पुन्हा एकदा दात घासले होते आणि तांब्याच्या पट्टीने जीभही खरवडून काढली होती. बाईंनी जीभ दाखवायला सांगितली. मी ऐटीत दाखवली.

त्यांनी टॉर्च मारला, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"तुम क्या काम करता?"

"टीचर."

"टीचर, तुम पेपर धो के लाया. अब मैं क्या चेक करेगा?"

शेजारीणबाई खो खो हसायला लागल्या. मला लाज वाटली आणि हसूही आलं. जिभेवरचा थर, तिचा रंग, यावरूनच त्यांना आत काय चाललंय ते वाचायचं असतं, आणि मी तेच पुसून आले होते. "सोमवार को आओ. दो दिन जीभ को हाथ नहीं. सुबह चाय नहीं, हल्दी नहीं. खलास."

ते दोन दिवस घरात माझी चांगलीच करमणूक झाली. हे म्हणाले, "जरा लांबून बोल हं." मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स सो ग्रॉस," आणि दर तासाला मला जीभ दाखवायला लावून फोटो काढत बसली.

सोमवारी शाळेतून परस्पर गेले, शेजारीणबाई आधीच तिथे येऊन बसल्या होत्या. बाईंनी माझ्यासमोर आरसा धरला. जीभ फिकट, फुगलेली, कडांना दातांचे ठसे, वर पांढरा ओलसर थर. आयुष्यभर रोज सकाळी मी ही जीभ घासत आले होते, पण नीट बघितली नव्हती. मग त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं ठेवली आणि बराच वेळ डोळे मिटून बसल्या. नाडी खोल आणि संथ होती म्हणे. मग प्रश्न सुरू झाले. केस? मी म्हटलं, पाणी. थंडी? एसी.

"पानी छोड़ो. पानी में सब लोग नहाता. तुम अपना बोलो. पीरियड?"

"रेग्युलर," मी लगेच म्हणाले. हा विषय मी आईशीसुद्धा मान खाली घालूनच बोललेली. बाईंनी शेजारणीकडे बघून दाराकडे मान हलवली. त्या उठून बाहेर गेल्या. मग मी सांगितलं. कधी दोन-दोन महिने येत नाही, आली की थांबत नाही. सांगायला लागल्यावर बाकीचंही आलं: पोट साफ न होणं, आवाज जड होणं, आणि मुलांची नावं. सात आठेसुद्धा सांगितलं.

बाईंनी हवेत शेगडीचं बटण धरल्यासारखी बोटं केली आणि फिरवली. "अंदर गैस स्लो है. बाल, ठंडी, पीरियड, भूलना, सब अलग नहीं. एक ही बात." मग त्यांनी माझ्या गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळायला लावला. "मेरा दवा बाद में. पहले ब्लड टेस्ट. थायरॉइड. कल ही, यल्ला." इथे 'चला, लवकर' म्हणायला सगळेच यल्ला म्हणतात.

रिपोर्टमध्ये तेच निघालं. थायरॉइड मंदावलेलं, रक्तही कमी. दुसऱ्या डॉक्टरांनी रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू केली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारल्याशिवाय जडीबुटी दिली नाही. पोटावर औषधी पानांचा शेक दिला, आणि फ्रीजचं पाणी बंद करून टाकलं.

नवऱ्याने रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला नोकरीचा कंटाळा आलाय. म्हणून लगेच हो म्हटलं."

"आणि मला वाटलं, मी आळशी झालेय."

"तू? एरवी रविवारीसुद्धा फरशी पुसणारी बाई आळशी?"

इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांना हेच विचारलं नव्हतं.

बदल एका दिवसात झाला नाही. पण हळूहळू सकाळ सकाळसारखी वाटायला लागली, आणि वर्गात मुलांची नावं जिभेवर आपोआप यायला लागली. टर्म संपत आली तेव्हा प्राचार्यांनी बोलावलं. मी सोडणार असल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "सो, नेक्स्ट इयर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जमलं तर मला पाचवी द्या.

गाडीत बसल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. "पाचवी? तुझ्या शाळेतली? ती पोरं कच्चं खातील तुला."

"खाऊ देत. बघते ना मी."

"इन्शाल्ला," ते म्हणाले आणि किल्ली फिरवली. मी वडिलांना फोन लावला. राजीनाम्याचं त्यांना कधी कळलंच नव्हतं, त्यामुळे सांगायला फक्त पाचवीच उरली होती.